डबे नसलेलं घर

डबे नसलेलं स्वयंपाकघर मी आयुष्यात एकच पाहिलं, आमच्या समोरच्या ब्लॉकमधलं. ओट्यावर शेगडी, दोन पातेली, तवा, दोन ताटं आणि मिठाची एक बरणी. बाकी फळ्या रिकाम्या, आणि रोज पुसलेल्या. ते नवरा-बायको राहायला आले त्या आठवड्यात मी ओळख करून घ्यायला गेले होते. म्हटलं, "सामानाचा टेम्पो यायचाय वाटतं अजून?"

"येऊन गेला," मावशी म्हणाल्या. "तू बघतेस तेच सामान."

मी द्रोणागिरीला एका गोदामाच्या ऑफिसात काम करते. न्हावा शेव्याच्या बंदरात उतरलेला माल आमच्याकडे येतो, पडून राहतो, पुढे जातो. दिवसभर मी छतापर्यंत रचलेल्या खोक्यांमध्ये असते. म्हणून असेल, पण त्या रिकाम्या फळ्या बघून मला काही बरं वाटलं नाही. गरिबी मी पाहिली आहे. गरिबाच्या घरात फार वस्तू असतात. फुटकी बादली, दोरी, पिशव्यांची पिशवी, कधीतरी उपयोगी पडेल म्हणून ठेवलेलं सगळं. हे घर गरिबाचं नव्हतं. ते कोणीतरी ठरवून रिकामं केलेलं होतं.

ठरवणारे अर्थात सर. पनवेलच्या शाळेतून निवृत्त झालेले गणिताचे शिक्षक, नगरकडचे ख्रिस्ती. उंच, वाकलेले, दोन शर्टांचे मालक. एक अंगावर, एक दोरीवर. पावसाळ्यात दोरीवरचा वाळायचा नाही, तेव्हा रविवारी ओला शर्ट घालून उपासनेला जायचे आणि आल्यावर शिंकायचे. वडील चर्चमध्ये पाळक होते, एवढंच त्यांनी मला एकदा सांगितलं होतं. "दुष्काळात आमच्या घरी कणग्या भरलेल्या होत्या, आणि वडील रविवारी उपवासावर बोलायचे," असं म्हणाले आणि विषय संपवला.

त्यांचे नियम दोनच. पहिला, उद्यासाठी काही ठेवायचं नाही. प्रभूने आजची भाकर मागायला शिकवलं, उद्याची नाही, असं ते म्हणत. दुसरा, मागणाऱ्याला नाही म्हणायचं नाही.

पहिल्या नियमामुळे सर रोज सकाळी कापडी पिशवी घेऊन कोपऱ्यावरच्या किराणा दुकानात जात. आजची वाटीभर डाळ, आजचे तांदूळ, छोट्या बाटलीत आजचं तेल. शेठ वैतागायचा.

"सर, महिन्याचं एकदम न्या ना. तुम्हाला स्वस्त पडेल, माझा वेळ वाचेल."

"महिना माझा आहे, हे तुम्हाला कोणी सांगितलं?"

शेठ मला म्हणाला, "बघा ताई, या गिऱ्हाइकाला मी उद्या या असंसुद्धा म्हणू शकत नाही."

संध्याकाळी जे उरेल ते घराबाहेर जायचं. वॉचमनला, जिना झाडणाऱ्या बाईला, कोणीच नसेल तर कुत्र्याला. त्या घरात शिळं नावाची वस्तू नव्हती. नाताळात मावशी करंज्या-चकल्या करायच्या. छान व्हायच्या, आणि दिवेलागणीपर्यंत संपूर्ण बिल्डिंगमध्ये वाटून परात धुतलेली असायची. "मी किती खाल्ल्या विचार," मावशी एकदा म्हणाल्या. "तळताना एक मोडली, ती."

दुसऱ्या नियमाची बातमी गल्लीत पसरायला वेळ लागला नाही. छत्री गेली, बादली गेली, खुर्च्या गेल्या. खुर्च्या मागायला आलेला माणूस रिक्षा घेऊनच आला होता. सरांनी त्याला खुर्च्या खाली उतरवून दिल्या. मग पाहुण्यांना सतरंजी. गुडघेदुखीमुळे मी त्यांच्या घरी उभ्यानेच बोलायचे.

सर वाईट माणूस नव्हते, हे मला लिहायला हवं, कारण पुढचं वाचून तसं वाटेल. पेन्शन आली की घरभाडं, वीज आणि मावशींचं औषध आधी बाजूला काढायचे, मग उरलेलं ज्याचं असेल त्याला. "ज्याचं असेल" हा त्यांचाच शब्द. ज्याला गरज, त्याचं ते. आपण मधले हमाल.

ते औषध म्हणजे इन्सुलिन. मावशींना साखरेचा आजार होता, सकाळ-संध्याकाळ सुई घ्यावी लागे. इन्सुलिन थंड जागी ठेवावं लागतं. सरांनी ते माठाशेजारी ओल्या फडक्यात ठेवलं होतं. मे महिन्यात पनवेलला माठातलं पाणीसुद्धा कोमट होतं. मी ते उचलून माझ्या फ्रिजच्या दारात ठेवलं, अंड्यांच्या शेजारी. फ्रिज घ्यायला सर तयार नव्हते. साठवण्याशिवाय ज्या यंत्राला दुसरं कामच नाही, ते घरात कशाला, हे त्यांचं म्हणणं.

मग सकाळी मी निघायच्या आधी मावशी यायच्या, आणि संध्याकाळी मी आल्यावर. उरणच्या रस्त्यावर ट्रेलर अडकले की मी किती वाजता घरी पोहोचेन हे देवालाही सांगता येत नाही. मावशी तोवर माझी वाट बघत जिन्यात बसून राहायच्या, न जेवता. मी किल्ली देऊन ठेवली. दुसऱ्या दिवशी सरांनी ती परत आणून दिली. "दुसऱ्याच्या घराची किल्ली बाळगणं ही मालमत्ताच झाली," म्हणाले.

त्या दिवशी मी दारातच त्यांना धरलं. "सर, तुमचा साधेपणा माझ्या फ्रिजवर चालतो. फोन करायला तुम्ही खालच्यांकडे जाता. दवाखान्यात जायला माझ्या नवऱ्याची स्कूटर लागते. मग आमच्याकडे हे सगळं आहे ते चांगलंच झालं की."

त्यांना राग आला नाही. कधीच येत नसे. "बरोबर आहे. ज्याला दुसऱ्याच्या दारात उभं राहावं लागतं, त्यालाच गरीब म्हणतात. दारात उभं न राहता मी स्वतःला गरीब म्हणवलं असतं तर ते ढोंग झालं असतं."

"दारात तुम्ही उभे नसता. मावशी बसलेल्या असतात, जिन्यात."

"ती आणि मी एकच."

"मग सुई तुम्ही घ्या."

सर वळले. आत जाऊन त्यांनी मावशींना काय सांगितलं माहीत नाही, पण मावशी संध्याकाळी मला म्हणाल्या, "त्यांच्याशी भांडू नकोस गं. लग्न झालं तेव्हा हे एवढे पवित्र नव्हते. हळूहळू वाढलं, माझ्या साखरेसारखं."

मावशींच्या पायात रबरी स्लीपर असायची, झिजून पापुद्रा झालेली. साखरेच्या माणसाने पाय जपायचे असतात. मी त्यांना मऊ तळव्याच्या चपला आणून दिल्या, तसल्या रुग्णांसाठी मिळतात त्या. चार दिवसांनी मावशी पुन्हा स्लीपरमध्ये. चपला भाजीवालीच्या पायात होत्या. मी सरांकडे बघितलं.

"तिच्या पायात काहीच नव्हतं," सर म्हणाले. "हिच्याकडे स्लीपर होती."

गणित म्हणून ते चुकलेलं नव्हतं.

फ्रिजचं प्रकरण झालं ते सरांच्या एका जुन्या विद्यार्थ्यामुळे. इथल्याच गावातला आगरी मुलगा, आता पन्नाशीचा. बापाची जमीन गेली, पैसे आले, त्याचे त्याने ट्रेलर घेतले. बंदरात त्याच्या गाड्या फिरतात, कामोठ्याला इमारती आहेत. गळ्यात जाड साखळी. सरांना भेटायला यायचा तेव्हा ती शर्टाच्या आत टाकायचा. कामोठ्यातला एक फ्लॅट तो वर्षानुवर्षं सरांच्या नावावर करायला निघालेला होता.

"सर, आमी काय परके हाय का? गुरुदक्षिणा समजा."

"तुला मी शिकवलं ते फीमध्ये आलं."

"सगलं कुठं शिकवलंत? चक्रवाढ व्याजाचा धडा सोडून दिलात."

"ते तुला कोणीही शिकवलं असतं."

"बँकेनं शिकवलं की," तो माझ्याकडे बघून म्हणाला. "लय मारून शिकवलं."

सर हसले. त्यांना हा मुलगा आवडायचा. फक्त त्याची काळजी वाटायची, आजारी माणसाची वाटते तशी. तो गेला की म्हणायचे, "त्याचं कठीण आहे. बायबलातला उंट एकवेळ सुईच्या भोकातून जाईल, पण ट्रेलर?"

असाच एकदा तो संध्याकाळी आला तेव्हा मावशी जिन्यात बसल्या होत्या. मी ट्रॅफिकमध्ये. का बसलात म्हणून त्याने विचारलं आणि मावशींनी सांगून टाकलं. मी पोहोचले तेव्हा तो माझ्याच दारासमोर उभा होता. "ताई, उद्या फ्रिज पाठवतो. सरांना बोलू नका." मी म्हटलं पाठव. मावशींना मात्र सांगितलं. त्यांनी रात्रीत स्वयंपाकघरातला कोपरा घासला, आणि सकाळी इलेक्ट्रिशियनला बोलावून तिथे प्लगचा पॉइंट काढून घेतला. सरांनी कशासाठी म्हणून विचारलंही नाही. वस्तूंकडे त्यांचं लक्षच नसे.

टेम्पो आला तेव्हा सर खाली उभे होते. हमाल दोरी सोडत होते. कोणाचा, कुठे न्यायचा हे सरांनी विचारून घेतलं आणि म्हणाले, "सोडू नका. असाच पुढे न्या, चर्चमध्ये. रविवारी कापणीचा सण आहे."

फ्रिज टेम्पोतून उतरलासुद्धा नाही. मावशी वर खिडकीत होत्या. मी त्यांच्या शेजारी होते. कोपऱ्यात जाऊन त्यांनी पॉइंटचं बटण चालू करून पाहिलं, बंद केलं, आणि तांदूळ निवडायला बसल्या.

कापणीच्या सणाला मंडळी आपल्या शेतातलं, परसातलं, नाहीतर बाजारातून आणलेलं पहिलं फळ देवापुढे ठेवतात. उपासना झाली की त्याचा लिलाव होतो, आणि पैसे गोरगरिबांच्या निधीला जातात. मला मावशींनी जेवायला बोलावलं होतं. लिलाव पुकारणारे काका तयारीचे होते. मेथीची जुडी त्यांनी अशा भावाला घालवली की भाजीवाल्याने ऐकलं असतं तर धंदा सोडला असता. भोपळा गेला, अंडी गेली, एक कोंबडी दोनदा विकली गेली कारण पहिल्याने घेऊन तिला पुन्हा दान केलं. आणि या सगळ्याच्या मागे तो फ्रिज, पुठ्ठ्याचे कोपरे अजून लावलेले. मावशी बायकांच्या बाकावर बसून समोर क्रुसाकडे बघत होत्या. फ्रिजकडे त्यांनी मान वळवली नाही.

माझं त्या घटकेला ठरलं. आमच्या गोदामात करोडोंचा माल पडून असतो, आणि त्यातलं एक खोकंही आमचं नसतं. मालक एक, ताबा दुसऱ्याचा. ताबा असलेल्याला तो माल विकता येत नाही, वाटता येत नाही, देवाच्या नावाने दानही करता येत नाही. फक्त सांभाळता येतो. चपलांच्या वेळी मी हेच चुकवलं होतं. मी त्या देऊन टाकल्या होत्या.

मी बोली लावली. कामोठ्याचं एक कुटुंबही मागे हटेना. काका खूष, सर त्याहून खूष. पहिल्या बाकावरून वळून बघत होते. शेवटी फ्रिज मला मिळाला. माझा नवरा कानाशी म्हणाला, "या पैशात दुकानातून आणता आला असता."

"दुकानातून आणला असता तर तोही गेला असता," मी म्हटलं.

प्रीतिभोजनाची पंगत बसली होती. मी ताट घेऊन सरांसमोर गेले. "सर, मला तुमच्याकडे काहीतरी मागायचंय."

त्यांनी हातातला घास खाली ठेवला. "मागा."

"जागा. फ्रिज ठेवायला. माझ्या घरात एक आहे, दुसरा मावत नाही."

सर माझ्याकडे बघत राहिले. गणिताचे शिक्षक होते, त्यांना पायऱ्या दिसल्या. "हे तुम्ही ठरवून केलंत."

"हो."

"किती दिवस ठेवायचाय?"

"सांगता येत नाही."

"दुसऱ्याची ठेव आहे. मी तो उघडणार नाही."

"नका उघडू. मावशी उघडतील. वापरात नसला की बिघडतो."

"मला विचारा की कोणीतरी," मावशी पलीकडून म्हणाल्या. "मी काय गोदामाची राखणदार?" आणि वाढणाऱ्याला थांबवून त्यांनी आणखी रस्सा घेतला.

सरांनी शब्द पाळला. त्यांनी तो फ्रिज कधीच उघडला नाही. गार पाणीसुद्धा माठातलं प्यायचे. मावशींचं जिन्यात बसणं मात्र थांबलं. मी चपलांचा दुसरा जोड आणला आणि तोही ठेव म्हणून दिला. पण त्याला उशीर झाला होता. अंगठ्याखाली जखम केव्हाची होती, आणि मावशींनी ती कोणालाच दाखवली नव्हती. मी रागावले तर म्हणाल्या, "दाखवली असती आणि डॉक्टर घरी आला असता, तर ह्यांनी त्यालाही कोणालातरी देऊन टाकलं असतं."

हसण्यासारखं होतं. हसलोही. उन्हाळ्यात त्यांना कामोठ्याच्या मोठ्या हॉस्पिटलात जनरल वॉर्डमध्ये ठेवलं. डॉक्टरांनी पाय काढायचं सांगितलं आणि पाय काढला. विष तरी वर चढत होतं. ट्रेलरवाला विद्यार्थी धावत आला. साखळी आज बाहेरच होती, आत टाकायचं त्याला सुचलं नव्हतं.

"सर, मुंबईला नेऊ. गाडी खाली उभी हाय. यवढं तरी करू द्या मला. हात जोडतो."

सर खाटांच्या रांगेकडे बघत होते. शेजारच्या खाटेवरच्या बाईला भेटायला कोणी येत नसे. "इथे जे सगळ्यांना मिळतं..." असं त्यांनी सुरू केलं आणि वाक्य अर्धंच राहिलं. पहिल्यांदाच मी त्यांना वाक्य सोडताना पाहिलं. ते मावशींकडे वळले. "तुला जायचंय का?"

इतक्या वर्षांत त्यांनी मावशींना काही विचारल्याचं मी ऐकलं नव्हतं.

मावशींनी डोळे उघडले. "आता कशाला? सगळा संसार जनरल वॉर्डातच केला की."

त्या त्याच आठवड्यात गेल्या. डॉक्टर म्हणाले, पाय आधी दाखवायला हवा होता, आता कुठेही नेलं असतं तरी फरक पडला नसता. सरांनी मान डोलावली. दफनाच्या वेळी मावशींच्या अंगावर त्यांची बरी साडी होती. दुसरी होती ती संध्याकाळी जिना झाडणाऱ्या बाईने मागितली आणि सरांनी दिली.

पुढच्या रविवारी सर माझ्या दारात आले. "तुमची ठेव घेऊन जा. जिच्यासाठी होती ती नाही."

नवऱ्याने आणि वॉचमनने फ्रिज उचलून आमच्या गॅलरीत आणला. दाराला सुतळी बांधलेली होती. मी ती कापली. आत इन्सुलिनचा खोका होता, दोन सुकलेली लिंबं, ताटलीने झाकलेली आमटीची वाटी, अर्धा पाव. शिळं. चार घरांत असतं तसं, उद्या होईल म्हणून ठेवलेलं. आणि खालच्या खणात एक स्टीलचा डबा, झाकणावर मावशींचं माहेरचं नाव कोरलेला. लग्नातला असणार. इतकी वर्षं त्यांनी तो कुठे लपवला होता, कोण जाणे. आत नाताळच्या करंज्या होत्या.

आमटी मी ओतून दिली. डबा घेऊन समोर गेले. सर सतरंजीवर बसले होते.

"हे आत होतं."

त्यांनी झाकण उघडलं. बराच वेळ बघत होते. "तिला करंज्या आवडायच्या?"

"मला काय विचारता, सर?"

त्यांनी डबा ठेवून घेतला. मला वाटलं, संध्याकाळपर्यंत बिल्डिंगमध्ये वाटतील. नाही वाटल्या. दोन-तीन दिवसांनी डबा घेऊन आले. "मुंग्या लागताहेत. तुमच्याकडे जागा आहे का?"

"किती दिवस?"

"सांगता येत नाही."

मी तो फ्रिजमध्ये दह्याच्या मागे ठेवला. त्यानंतर सर रोज यायचे. आत यायचे नाहीत, उंबऱ्याशी उभे राहून विचारायचे, "आहे ना?" मी म्हणायचे, "आहे." मग जायचे. दुकानातून ते आता काय आणत आणि काय खात, मी विचारलं नाही. संध्याकाळची पोळी-भाजी मी देत असे, आणि ते घेत असत.

पावसाळ्यात एका दुपारी एक बाई लेकरू काखेला घेऊन त्यांच्या दारात आली. खायला मागत होती. त्यांच्या घरात त्या दिवशी काही नव्हतं. सर तिला घेऊन माझ्या दारात आले. मी नेमकी सुट्टीवर होते.

"हिला द्यायला काही आहे का?"

मला अजून कुकर लावायचा होता. म्हटलं, "पोळ्या व्हायला वेळ लागेल. करंज्या आहेत तुमच्या."

बाई त्यांच्याकडे बघत होती. लेकरूही. सर माझ्या फ्रिजच्या बंद दाराकडे बघत होते.

"त्या नाही," ते म्हणाले.

मी कणीक मळायला घेतली. पोळ्या होईपर्यंत ती बाई जिन्यात बसली. सर तिच्याजवळ थांबले नाहीत. घरात गेले आणि त्यांनी दार लावून घेतलं.